चाकाच्या बेंबीत तेल

देवावर माझा विश्वास होता, पण भरवसा नव्हता. वकिली करणाऱ्याला हा फरक कळतो. माझी आई दर शनिवारी मारुतीला तेल वाहायची, आणि तिच्याच डोळ्यांत असे मोतीबिंदू उतरले की दारात उभा हत्ती तिला म्हैस वाटावा. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, तेव्हा मी आमच्या अमरावतीच्या मारुतीसमोर उभा राहून सांगितलं, "आईच्या तेलात तू एव्हाना पोहत असशील. आता तिला मी नेतो. तू मधे पडू नको." नमस्कारही केला नाही.

माझी मोटार विलायती, माझ्याहून म्हातारी. चढावर ती धापा टाकायची आणि उतारावर मी. महिनाभर तिचा हँडब्रेक ढिला होता. दांडा छताला टेकेल इतका वर यायचा, तरी मागची चाकं जुमानत नसत. मी चाकाखाली वीट लावायचो आणि स्वतःला हुशार समजायचो.

मूर्तिजापूरच्या पुढे इंजिन तापलं. नाल्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबवली, दांडा खांद्यातून ओढला आणि पाण्यासाठी डबा घेऊन उतरलो. वीट घरीच राहिली होती. दहा पावलं गेलो नाही तोच मोटार निघाली. आई आत. तिला दिसत नव्हतं. तिला वाटलं, मीच चालवतोय. खिडकीतून शांत आवाज आला, "बाबू, हळू चालव. घाई कायची हाये?"

मी असा धावलो की चपला मागे राहिल्या, बहुधा सावलीही. खालच्या पुलाला कठडा नव्हता. मी मारुतीला शिवी दिली आणि त्याच श्वासात हाक मारली. आधी काय, ते शपथेवर सांगता येणार नाही.

पुलाशी संत्र्यांची बैलगाडी उभी होती. गाडीवानानं तिच्या चाकाखालचा लाकडी ठोकळा उपसला आणि आमच्या पुढच्या चाकासमोर सारला. मोटार थांबली. पूल वीतभर पुढे होता.

सुपाएवढे तळवे, कोसभर मिशा. पूर्वी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायचा, आता संत्र्यांची बाग करत होता. "साहेब, म्हातारीले एकटीच धाडून राहिले का अकोल्याले?" असं म्हणून त्यानं दांडा ओढला आणि त्याच्या दात्यांची कटकट मोजली. सतरा. "चार-पाचात धरला पाह्यजे. तार ढिली हाये." खाली सरपटत जाऊन त्यानं तारेचा नट आवळला. दांडा पाचात अडला, पण त्यानं खांदा लावून ढकलताच गाडी पुन्हा हलली. "तार ताणली, तरी धरून नाही राहिली. आत काहीतरी हाये."

जॅक लावून त्यानं मागचं चाक काढलं, आतला ड्रम उघडला. ब्रेकचे पट्टे तेलानं थबथबलेले. त्यानं वास घेतला. "हे तं तिळाचं तेल होय. कोनं ओतलं?"

"म्या," आई अभिमानानं म्हणाली. "दर शनवारी. मारुतीले वाह्यलं का उरलेलं मोटारीले. चाकाले बेंबी हाये ना, त्यात. लेकराच्या बेंबीत नाही का सोडत आपन?"

ड्रमला ब्रेक तपासायचं भोक असतं. आईनं हातानं चाचपून तेच शोधलं होतं.

"माय, तेल मारुतीले दे. ब्रेकले उपास घडू दे," तो म्हणाला. दोन्ही चाकांचे पट्टे त्यानं पेट्रोलनं धुतले, घासून कोरडे केले. मग उतारावर दांडा ओढला आणि आम्ही दोघांनी ढकलून पाहिलं. मोटार डोंगरासारखी बसली.

पुढे अकोल्याहून परतताना मी त्याला तीन गावांत शोधलं. कुणाला ठाऊक नव्हता. तो मारुती होता, असं मी म्हणणार नाही. मारुती एवढ्या मिशा ठेवत नाही.

त्याआधी अकोल्यातच, ऑपरेशननंतर पट्टी सुटली. आई माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "बाबू, तू इतका वाळला कावून? अन् केस कधी पिकले?" इतक्या वर्षांत तिनं माझं तोंडच पाहिलं नव्हतं, आणि मला ते कळलं नव्हतं.

त्याच शनिवारी अकोल्यातल्या एका मारुतीपुढे गेलो. "उपकार मानायला आलोय," मी ताठ उभा राहून म्हटलं, "हरलो म्हणायला नाही." थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, मी फरशीवर डोकं टेकून होतो, आणि उठायची मला कसलीही घाई नव्हती.