सिल्लोडचं मशीन

गुलमंडीजवळच्या एका वाचनालयात मी एकदा व्याख्यान दिलं होतं. सगळ्यांच्या औषधोपचाराचा खर्च एकट्या सरकारी तिजोरीतून करणं राज्याला परवडेल का, असा विषय होता. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे, आणि माझं उत्तर ठरलेलं होतं. परवडणार नाही.

सुरुवात मी वडिलांच्या आठवणीने केली. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळायचं, पण बाटली घरून न्यावी लागे. बाटली मोठी नेली की कंपाउंडर पाणी जास्त घालायचा. लोक हसले. मग मी म्हणालो की राज्याच्या तिजोरीचंही तसंच आहे. महसुलाचा मोठा हिस्सा पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जातो. उपचार फुकट झाले की मागणीला अंत राहत नाही. म्हणून मदत द्यायची तर गरजू निवडून त्यांनाच द्यावी. टाळ्या चांगल्या पडल्या.

धाकटा भाऊ शेवटच्या रांगेत बसला होता. तो सिल्लोडजवळच्या आमच्या गावी शेती करायचा आणि कामानिमित्त शहरात आलेला होता. घरी येताना त्याने विचारलं,

"भाऊ, नाय परवडत म्हन्ता, मग ते आजारी लोकं कुठं जातेत?"

"अरे, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. तो असा सरळ सोडवता येत नाही."

"हां. म्हंजी उत्तर नाय." तो हसला आणि माझ्या हातातली पुस्तकं त्याने स्वतःकडे घेतली.

काही वर्षांनी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरकारी रुग्णालयात मशीनं थोडी होती आणि पुढे मोठी रांग. सरकारची विमायोजना तेव्हा नुकतीच आपल्या जिल्ह्यात आली होती. तीत खासगी दवाखान्यातही हे फुकट होणार होतं, पण रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी हवं होतं.

भावाचं नाव माझ्या कार्डावर होतं, आणि माझं कार्ड पांढरं होतं.

त्याचं कारण मीच. तो आयटीआयला शिकायला माझ्याकडे राहिला, तेव्हा रॉकेल आणि साखरेसाठी मी त्याचं नाव माझ्या कार्डावर चढवलं. शिकून तो गावी परतला, नाव तिथंच राहिलं. लग्न झाल्यावर भावजयीचंही चढलं. पुढे कार्डांना रंग आले आणि माझ्या पगारामुळे आमचं पांढरं झालं. तेव्हा तो म्हणाला होता, "भाऊ, आमचं येगळं करून घेऊ का?" मी नको म्हणालो. आई होती. आमच्याकडे कार्ड वेगळं झालं म्हणजे चूल वेगळी झाली, भाऊ फुटले, असं धरतात. तिच्या हयातीत ते मला नको होतं. ती गेल्यावर मात्र कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. दिवाळीला सगळे एकत्र जमत होतो, तेवढ्यात मला कुटुंब एकत्र असल्याचं समाधान होतं.

मी नाव कमी करण्याचा अर्ज घेऊन पुरवठा कार्यालयात गेलो. खिडकीतला कारकून उठून उभा राहिला.

"सर, तुम्ही? मी तुमचाच विद्यार्थी. मागच्या बाकावरचा, तुम्हाला नाही आठवणार."

मी अडचण सांगितली. त्याने अर्ज वाचला.

"कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं काम चालूय, सर. तोपर्यंत नाव वाढवणं-कमी करणं बंद. इथं कमी झाल्याशिवाय सिल्लोडला नवं कार्ड निघत नाही."

"केव्हा चालू होईल?"

"सांगता येत नाही. आणि सगळ्यांना सरसकट कसं देणार, सर? गरजू निवडायचे तर कागद बघावाच लागतो. तुम्हीच शिकवलंय." तो हे अगदी आदराने म्हणाला. चहाही मागवला.

तोवर क्रांती चौकाजवळच्या एका खासगी दवाखान्यातला खर्च मी माझ्या पेन्शनीतून करत होतो. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी तो पहाटेच्या एसटीने यायचा. सुईचा हात छातीशी धरून दुपारी माझ्याकडे जेवायचा. पाणी मोजून प्यायचा. शेवटचा घोट तोंडात बराच वेळ धरून ठेवायचा, आणि मी दुसरीकडे बघायचो.

तिसऱ्या महिन्यात तो म्हणाला, "भाऊ, सिल्लोडच्या सरकारी दवाखान्यात मशीन आलंय. गुरुवारचं तिथंच करत जाईन. तेवढाच येरझारा वाचंल."

"फुकट?"

"फुकट. बाटली बी घरून न्यावी लागत नाय."

आम्ही दोघं हसलो. मला खरोखर आनंद झाला. संध्याकाळी वाचनालयात मी मित्रांना सांगितलं, माझं मत मला थोडं बदलावं लागेल, तालुक्याला मशीन पोचलं आहे. राज्याने मनावर घेतलं तर जमतं. चौकशीचा एक फोन करावा, असं मला सुचलं नाही. त्याचे पाय सुजलेले दिसायचे. डॉक्टर बघत असतील, असं मी धरून चाललो.

दोन महिन्यांनी, एका शुक्रवारी, तो गेला. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. सिल्लोडपर्यंतही नेता आलं नाही.

दहाव्याच्या दिवशी मी भावजयीला विचारलं, सिल्लोडच्या दवाखान्यात त्याचे काही कागद असतील, ते आणायचे का.

"कुठलं सिल्लोड, भाऊजी? तिथं कुठं मशीन हाय. गुरुवारचे ते कापसात असायचे. मला म्हनायचे, भाऊला सांगू नको. त्याला पेन्शनीत लई जड जातंय."

व्याख्यानात मी म्हटलं होतं, मागणीला अंत राहत नाही. माझ्या भावाने तिनाचे दोन केले होते, आणि त्यासाठी मला पटेल असं खोटं शोधून काढलं होतं.

आता योजना पांढऱ्या कार्डालाही लागू झाली आहे. कागदावर सगळ्यांना. वाचनालयाच्या नव्या चिटणिसांनी मध्यंतरी विचारलं, त्याच विषयावर पुन्हा बोलाल का. मी जुनी टिपणं काढली. आकडे आजही मला खोडता येत नाहीत. राज्याला परवडेल असं मला मनापासून वाटत नाही, आणि परवडणार नाही असं म्हणायला तोंड उघडत नाही. चिटणिसांना मी नकार कळवला.

पुरवठा कार्यालयात परवा जाऊन आलो. कॉम्प्युटर केव्हाच चालू झाला आहे. खिडकीत आता एक मुलगी बसते. तिने तोच अर्ज पुढे केला. विभक्त, विवाह, मयत, यांपैकी एकावर खूण करायची.

"मृत्यूचा दाखला जोडा, काका. लगेच कमी होईल."

अर्ज मी घरी आणला आणि कार्डात घालून ठेवला. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही, त्यामुळे एक नाव जास्त राहिलं तरी कुणाचं काही कमी होत नाही.