उशाशी ठेवलेली पोती

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की नाकात लसणाचा वास येतो. मी मंगरूळपीर तालुक्यात ठाणेदार होतो. सकाळीच एक बाई सासरहून थेट ठाण्यात आली. तिचे आईवडील आणि भाऊ उलट्या करत वाशीमच्या दवाखान्यात भरती झाले होते. तिचा संशय भावजयीवर.

"तिनंच भाजीत औषध कालवलं, साहेब. सारे दवाखान्यात, अन् ते एकटीच कशी ठणठणीत?"

औषध म्हणजे आमच्याकडे फवारणीचं विष. अटक करा म्हणून बाहेर गावकरी जमले होते. सून विशीतली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गुन्हा दाखल झाला असता तर तिच्या जन्माची माती झाली असती.

सुनेला ठाण्यात बोलावून, स्वयंपाक कोणी केला, हे मी पुन्हा पुन्हा विचारलं. ती खाली बघत गप्प. ज्याच्या पोटात पाप असतं तो सहसा बडबड करतो, हा माझा अनुभव. तिला महिला हवालदारांकडे सोपवून मी चहा मागवला. चहा यायच्या आत हवालदारबाई परत आल्या.

"साहेब, तुमाले कशी सांगन ते? पाळी आली म्हनून बाहेर बसून हाये. चुलीले हातच नाही लावला. ओसरीत झोपते, सासू वरून वाढते तेच खाते."

मी ताडकन उठलो. भाजी सगळ्यांनी एकच खाल्ली, पण आत झोपलेले आजारी आणि बाहेर झोपलेली धडधाकट. म्हणजे विष भांड्यात नव्हतं, खोलीत होतं.

पंच घेऊन घर गाठलं. थंडीमुळे खिडक्या गच्च बंद. दार ढकलताच लसणासारखा उग्र दर्प आला. सगळ्यांना मागे हटवलं, खिडक्या बाहेरून उघडायला लावल्या. हवा खेळल्यावर पंचनामा केला. खाटांच्या उशाशी गव्हाची पोती, आणि त्यांत किडीसाठी टाकलेल्या गोळ्यांची राखाडी भुकटी. त्या गोळ्यांचा विषारी वायू बंद खोलीत तिघांच्या छातीत जात राहिला होता. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि उपचारांची दिशा बदलली. जरा बरं वाटल्यावर सासऱ्यांनीच सांगितलं, गोळ्या त्यांनी टाकल्या होत्या.

तिघेही वाचले. सून निर्दोष ठरली. खुनी पकडूनही मला कधी एवढा आनंद झाला नव्हता. ठाणेभर पेढे वाटले.

तेव्हापासून विषबाधेच्या प्रकरणात कोणी रांधलं हे विचारण्याआधी मी कोण कुठे झोपलं हे विचारत आलो. घर आपलं म्हणून त्यातली हवाही आपली, असं माणूस धरून चालतो.

काही दिवसांनी सासू सुनेला घेऊन ठाण्यात आल्या. मागे तक्रार करणारी नणंद मान खाली घालून उभी होती. सासूबाईंनी सुनेचा हात सोडला नाही.

"आता पोते ओसरीत राह्यतात, साहेब," त्या म्हणाल्या. "सून बाराही महिने घरात."