मेहुण्याने कापलेला भाग

माझा मेहुणा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून कौतुक करत नाही, पण कामाला एक नंबर. कोणाचे काका मानपानावरून तोंड फुगवून बसलेत, कोणाच्या आत्याने कॅमेऱ्यासमोर आ वासून जांभई दिलीय, सगळं गायब. नवरी दिवसभर हसलीच नसेल तर हा पठ्ठ्या आदल्या दिवशीच्या शूटिंगमधून तिचं हसू उचलणार आणि बरोब्बर जागी चिकटवणार. घरचे लोक बघून रडायचे. आनंदाने हं.

मी शिंपी. बसून बसून पोट इतकं सुटलं की मशीनवर वाकता येईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. माझ्यासारखे आणखी पाच-सहा जण भेटले. औषधाच्या दुकानाचा मालक, बँकेतला कॅशियर, शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाई. आणि माझी हीच धाकटी बहीण. ती लॅबमध्ये रक्त तपासते. दिवसभर सुया आणि बाटल्या, म्हणून रविवारी तिला मोकळी हवा हवी असायची. रविवारी सहाला मेहुण्याच्या स्टुडिओत जमायचं, काळे पडदे ओढायचे, अर्धा तास सायकलच्या शर्यतींची फिल्म बघायची आणि त्याच तारेत बाहेर पडायचं. मेहुण्याला दमा, तो बिचारा दारात उभा राहून टाटा करायचा. पण आम्हाला घरातून बाहेर काढलं ते त्यानेच. त्या फिल्म नसत्या तर मी दुसऱ्याच रविवारी पांघरूण ओढून झोपलो असतो.

आधी तो फिल्म असेल तशी दाखवायचा. एकदा पडद्यावर वीसेक जण एकमेकांवर कोसळले, रक्तबिक्त. पुढच्या रविवारी कॅशियरला पाहुणे आले आणि ड्रॉइंगच्या बाईंची कंबर धरली. मेहुणा म्हणाला, "दादा, लोकांना उभारी द्यायचीय, घाबरवायचं नाहीये. यापुढे पडापडी कापून टाकतो."

"शाब्बास," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

बहिणीचा जीव जडला तो एका घाटाच्या फिल्मवर. त्यातला सायकलवाला उतारावर सीटवरून पुढे सरकून मधल्या दांड्यावर बसतो, छाती हँडलला टेकवतो आणि सुसाट सुटतो. एक वळण, दुसरं वळण, तिसरं, आणि मग एकदम शेवटची रेषा, दोन्ही हात वर. ही दर वेळी टाळ्या वाजवायची. एक्केचाळीस वर्षांची बाई, अक्षरशः नाचायची!

तलावाकडच्या उतारावर एका रविवारी ती तशीच बसली. मी मागे होतो. "अगं ए, नीट बस!" म्हणून बोंबललो. तिने ऐकलं की नाही देव जाणे. वळणावर मागचं चाक सरकलं आणि ती रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर आपटली.

खुबा मोडला, गुडघा मोडला, पायाची नस चिरडली. दोन ऑपरेशनं झाली. आठ महिने झाले तरी डावं पाऊल उचलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करत राहा, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय, ते डॉक्टरांनाच ठाऊक.

ती पलंगावर पडल्या पडल्या लॅपटॉपवर तोच घाट बघायची. मी गेलो की पहिला प्रश्न, "दादा, तू मागे होतास ना? माझं कोपर बाहेर आलं होतं का? हा पडत नाही, मग मी कशी पडले?" कधी ब्रेक उशिरा दाबला म्हणून स्वतःला बोल लावायची, कधी वजन वाढलं होतं म्हणून. आणि फिल्म लावूनच व्यायाम करायची. मांडीत उशी धरून, दात-ओठ खात. "हा पोचतो की नाही? मग मीपण पोचणार." मेहुणा शेजारी बसून तिचा पाय उचलून धरायचा.

एका दुपारी मी स्टुडिओत गेलो तर तो काम सोडून भिंतीकडे बघत बसलेला. म्हणाला, "दादा, तो पोचत नाही."

"कोण?"

"घाटातला. तिसऱ्या वळणावर पडतो. मी ते कापलं. हात वर केलेला तुकडा त्याच्या आधीच्या शर्यतीतला आहे. कपडे तेच होते, म्हणून चिकटवला."

माझं डोकंच फिरलं. बहिणीच्या नवऱ्याला आजवर अहो-जाहो केलेलं, त्या दिवशी पहिल्यांदा तोंड सुटलं. "अरे माणसा! ती आठ महिने स्वतःला खातेय आणि तू तिचा पाय धरून गप्प बसतोस? आत्ताच्या आत्ता सांग तिला."

"सांगितलं तर ती व्यायाम सोडेल, दादा."

"आणि नाही सांगितलं तर? मरेपर्यंत कोपर शोधत बसेल ती. ऊठ."

मीच त्याला ओढत घरी नेलं. वाटलं होतं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल. शिवण उसवून नीट घालायची, एवढीच माझी अक्कल.

त्याने पूर्ण फिल्म लावली. तिसऱ्या वळणावर तो माणूस घसरला, हिच्यासारखाच, चाक मागचंच. बहीण व्यायामाची उशी मांडीत घेऊन उठून बसली. "परत दाखवा." परत दाखवलं. "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं," ती हळूच म्हणाली आणि हसली. आठ महिन्यांनी हसली हो! मेहुणा घाईघाईने लॅपटॉप मिटायला गेला. तिने त्याचा हात धरला. "थांबा. पुढे काय होतं त्याचं?"

पुढे दवाखाना, कुबड्या, खिडकीत बसलेला तो माणूस. शेवटी काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. त्या मेहुण्याला वाचवेनात, मी वाचल्या. त्याचा पाय बरा झाला नाही. तो पुन्हा कधी सायकलवर बसला नाही.

तिने मांडीतली उशी काढून बाजूला ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, एवढं मात्र कापलं असतंत तर चाललं असतं."