निळा धूर

बाबा गेल्यावर त्यांची डिझेल गाडी मी चालवू लागलो आणि काही महिन्यांतच ती निळा धूर सोडू लागली. कटंगी रोडवरच्या मिस्त्रीवर माझा विश्वास नव्हता. इंजिनात हवा ढकलणारा महागडा टर्बो गेला म्हणेल, बाबांची गाडी विकायला लावेल, असं वाटे. मी त्याच्या हातांवरून नजर हटवली नाही.

त्याने सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला आणि हुंगला. मग टर्बोचा पाइप काढून आत बोट फिरवलं. बोट तेलकट झालं.

"घरी पोचल्यावर गाडी लगेच बंद करता?"

"हौ. काहून?" आता चूक माझ्याच माथी मारणार, मला वाटलं.

"टर्बो तापलेला असते, साहेब. मिनिटभर चालू ठेवून बसा, मंग बंद करा. नाही तर तेल तिथंच जळते. अजून गेला नाही, सील बदलून देतो. पहिले कोन चालवे?"

"बाबा."

"ते बसत असतीन."

बसत. रोज अंगणात, चालू गाडीत. घरात यायचं टाळतात, असा माझा इतकी वर्षं संशय होता.

त्या संध्याकाळी इंजिन चालू ठेवून मी अंगणात बसून राहिलो. दारातून आई म्हणाली, "आता तू पण उतरत काहून नाही रे?"