शेंदराखालच्या पन्हळी

माझे सासरे विंझरचे लोहार. विळे आणि कुळवाच्या फासा त्यांच्यासारख्या कुणी करत नसे. तलवार मात्र जन्मात केली नव्हती. धाकट्या पाटलांनी विचारलं तेव्हा "त्यात काय, लांब विळा!" म्हणून मोकळे झाले. बढाई मारण्यात आमचं घर पुढंच.

त्या वर्षी पाटलांच्या दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. घरात एक जुनी फिरंग होती, सरळ आणि परदेशी पात्याची. ती थोरल्याकडं राहिली. धाकट्याला दसऱ्याच्या आत हुबेहूब तशीच हवी होती. नाही तर नव्या घरातली पहिली शस्त्रपूजा सोडून भावाच्या अंगणात हात जोडून उभं राहायचं. त्याला ते मरणाहून वाईट वाटत होतं. धार लावायची नाही, या अटीवर त्यानं कचेरीतून परवानगीही आणली.

मापं घ्यायला सासऱ्यांबरोबर मी गेले. माझी चौथी झाली होती आणि त्यांना आकडे लिहिता येत नव्हते. पाटलांकडची रीत अशी की तलवारीला घरातल्या थोरल्यानंच हात लावायचा. थोरले पाटील ती पाटावर धरून बसले. सासऱ्यांनी सुतळीनं लांबी-रुंदी आणि बांबूला खाच पाडून जाडी घेतली. पिढ्यानपिढ्या तेल-शेंदूर चोपडून ती लालभडक झाली होती.

सारोळ्याहून मोटारीच्या स्प्रिंगचा तुटका पाटा आणला. मी भाता ओढला, घणही मारला. पंधरा दिवसांनी तलवार झाली. सगळी मापं जुळली. सासऱ्यांनी ती एकदा फिरवली आणि मनगट धरून खाली बसले.

मी म्हणाले, "मामंजी, ही तलवार न्हाई, पहार झाली."

"तुला काय कळतंय? मापं तूच लिवलीस की!"

"मापं बरूबर हाईत. पर थोरले पाटील वाळकी काठी. त्येंनी एका हातानं उचलली व्हती."

दिवसभर ते तलवार उचलून उचलून बघत राहिले. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "पोरी, आपुन शेंदूर मापला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटलांकडं, शेंदूर काढून पातं मापू द्या म्हणून. थोरले भडकले. "देवाचा शेंदूर खरवडू? धाकट्यानं शिकवून धाडलंय व्हय तुमाला?"

दसरा बारा दिवसांवर आला होता. दोघा भावांची आई दारापाशी बसली होती. मी तिलाच विचारलं, "आईसाब, नवरात्राआधी देवाचे टाक उजळता न्हवं? मग हिलाच का पारोशी ठिवलीया?"

म्हातारी खो खो हसली. लेकाला म्हणाली, "खरं हाय की रं! तुज्या बापानंबी हिला कंदी आंघूळ घातली न्हाई. ऊठ, चिंच आन."

आईपुढं थोरल्यांचं काही चाललं नाही. कोमट तेल आणि चिंच लावून त्यांनी स्वतःच्या हातानं घासलं. शेंदराच्या खपल्या पडल्या. खाली निम्म्या जाडीचं पातं निघालं, टोकाकडं आणखी पातळ होत गेलेलं. मुठीपासून अर्ध्यापर्यंत दोन पन्हळी खोदलेल्या. वजन तिथंच कमी केलं होतं. सासरे जमिनीला गाल टेकवून पात्याच्या कडेनं बघत राहिले. देवापुढंही ते कधी इतके वाकले नव्हते.

मग आम्ही पहारीची तलवार करायला बसलो. छिन्नीनं पन्हळी पाडल्या, कानस मारून मारून पातं उतरवलं. भाकरीत लोखंडाचा कीस लागायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी थोरल्यांनी एका हातात जुनी, एका हातात नवी धरली. बराच वेळ तोलली आणि "हं" म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून एवढं आलं, खूप झालं.

दसऱ्याला धाकट्याच्या नव्या घरी गाव जमलं. सासरे पन्हळी दाखवायला पुढं उभे. धाकट्याला आनंद मावेना. त्यानं वाटीभर तेल-शेंदूर घेतला आणि तलवारीला मुठीपासून टोकापर्यंत चोपडला.

"अरं, बुजवल्यास की माज्या पन्हळी!" सासरे ओरडले.

मी म्हणाले, "बुजू द्या, मामंजी. म्होरल्या लोहारालाबी जरा डोकं लावू द्या."