यंदा कळलावी मला आधी दिसली

माझ्या थोरल्या जावेला मी अक्का म्हणायचे. गौरीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी अळणावर गावाबाहेरच्या रानात कळलावीची फुलं आणायला जायचो. तांबडी-पिवळी ती फुलं म्हणजे गौरीचे हात. ती दरवर्षी अक्कालाच आधी दिसायची. मग अक्का मला हसायची, "अगं आंधळे, तुझ्या पायापाशीच हाय की!"

आषाढात अक्का तापानं गेली. म्हणून यंदा आमच्या घरी गौर बसवायची नव्हती. पण शेजारणींना अक्काची ती फुलांची जागा ठाऊक नव्हती, ती दाखवायला मी त्यांच्याबरोबर गेले.

सागाखाली तेरडा गुलाबी झाला होता. पुढे बांबूच्या बेटात वेलीवर कळलावी फुललेली मला दिसली. सगळ्यांच्या आधी, मलाच.

"अक्का, गावली बघ!" मी मागं वळून ओरडले.

मागं शेजारणी उभ्या होत्या. एकीनं फुलं खुडली आणि म्हणाली, "दोन तू पण घे गं."

"आम्हाला यंदा चालत नाही," मी म्हटलं.

चारचौघांत माझा आवाज कधी फुटत नाही. त्या दिवशी मात्र अक्काला मारलेली ती हाक सगळ्या रानाला ऐकू गेली असेल.