दसऱ्याच्या आधी मारलेला काळा थर

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या नाशकातलं कुठलंही गॅरेज बघावं. वर्षभर खडखडत फिरलेली वाहनं तिथे नटायला जमलेली असतात. ब्रेक लागतो का, हे कुणी विचारत नाही. झेंडूची माळ कुठे बांधायची, ते मात्र सगळ्यांचं ठरलेलं असतं. एका वर्षी त्या गर्दीत मीही होतो. सरकारी कचेरीत उभा जन्म दुसऱ्यांच्या फायलींतल्या त्रुटी काढण्यात गेला, त्यामुळे स्वतःला मी फार चौकस समजत असे.

गाडी माझी होती, पण द्यायची होती धाकट्या बहिणीला. ती हरसूलच्या पुढे एका शाळेत शिकवते. एसटी बदलत बदलत जायची. पंचेचाळिशीत हट्टाने गाडी चालवायला शिकली. मी नवी घेतली की जुनी तुझी, असं मी सगळ्या भाऊबंदांसमोर जाहीर करून टाकलं होतं. जाहीर करण्याची मला पहिल्यापासून हौस. दसऱ्याला, माझ्या दारात, पूजा करून किल्ली द्यायची, असं ठरलं.

अडचण एकच होती. उडणारी खडी लागून पत्रा खराब होऊ नये म्हणून दारांखालच्या पट्टीवर जाड, खरखरीत काळा थर दिलेला असतो. तो दोन्ही बाजूंनी फुगला होता. नखाने टोकरला की पापुद्रा हातात येई. अंबडकडच्या मिस्त्रीने उकिडवं बसून हातोडीच्या दांड्याने ती पट्टी ठोकत नेली.

“साहेब, आवाज बोदा येतोय. आत गंज हाय,” तो म्हणाला. “जुना थर पार लोखंडापर्यंत खरवडावा लागंल. चार दिवस गाडी ठेवा.”

दसरा परवावर आलेला. मी त्याला म्हटलं, मुहूर्त चार दिवस थांबणार आहे का? गंजही थांबणार नाही, असं तो म्हणाला. त्याचं हे बोलणं मला आगाऊपणाचं वाटलं.

“वरून एक हात मारून द्या,” मी म्हणालो. “खाली वाकून कोण बघतंय?”

त्याने मान हलवली आणि मारून दिला. दुसऱ्या दिवशी पट्टी अशी काळीभोर दिसत होती की मीच दोनदा मागे वळून पाहिलं. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच, पण तेव्हा मला फक्त कीर्तन ऐकू येत होतं.

दसऱ्याला बहिणीने गाडीला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मी त्या पट्टीवरून हात फिरवत सगळ्यांना सांगितलं, खालूनसुद्धा नवी करून दिलीय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. मला काळजी होती ती फोटोत माझं पोट दिसेल याची.

पुढच्या श्रावणात एका दुपारी तिचा फोन आला. हरसूलच्या घाटात टायर पंक्चर झालं होतं.

“दादा, जॅक आत गेला.”

“कुठे आत?”

“गाडीच्या आत.”

फुगलेल्या पुरीत बोट जावं तसा दाराखालच्या पत्र्यात जॅक घुसला होता आणि गाडी धाडकन खाली बसली होती. ती नट उचलायला जरा मागे सरकली होती, म्हणून हात वाचला. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं, की त्या मिस्त्रीने फसवलं.

दोन दिवसांनी गाडी गॅरेजात आली. बहीण शेजारी उभी असताना मी मिस्त्रीला फैलावर घेतलं. बहिणीचा जीव गेला असता, वगैरे सगळं बोलून घेतलं. तो माझं बोलणं संपेपर्यंत हात पुसत राहिला. मग माझ्याकडे न बघता तिच्याशी बोलला.

“ताई, मी चार दिवस मागितले व्हते. साहेब म्हणले, खाली वाकून कोण बघतंय.”

बहिणीने कोपऱ्यातला तारेचा ब्रश उचलला आणि माझ्या हातात दिला. त्या वयात मी फरशीवर आडवा पडून एक अख्खी बाजू खरवडली. पापुद्रे डोळ्यांत, नाकात, कॉलरमध्ये जात होते. मिस्त्रीने कुजलेला पत्रा कापला, नवा जोडला, त्याला प्रायमर दिला, तो वाळू दिला, आणि मग जाड काळे दोन हात मारले. मी विचारायच्या आत त्यानेच सांगितलं, की आज न्यायची नाही. चार दिवस बहीण पुन्हा एसटीने शाळेत गेली आणि मी घरी बसून डोळ्यांत औषध घातलं.

त्यानंतरच्या दसऱ्याला ती त्याच गाडीने सोनं द्यायला आली. माझ्या पाया पडली. मी तिच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणालो, सोन्यासारखी राहा. तिने ते पान उलटं करून मागची बाजू बघितली, आणि मग पर्समध्ये ठेवलं.